सुमे, बक्षीसपत्राचं तुलाच सांगायचंय

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय सुमे,

माझं बरं आहे, बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून रुसली असशील, पण रुसवा राहू दे, आधी हे वाच.

दादानं बक्षीसपत्राचा मसुदा आणलाय. घर आत्ताच त्याच्या नावावर. आबा तयार आहेत. "पोराला दिलं तर मुद्रांक 200 रुपये, माझ्या माघारी भांडण नको," एवढंच म्हणतात. मी मसुदा वाचला. चतुःसीमा आहे, सिटी सर्व्हे नंबर आहे, जिन्याखालची खोलीसुद्धा आहे. आई-आबांनी कुठं राहायचं, त्यांना कोण बघणार, याची एक ओळ नाही.

तसं बोलले, तर दादा म्हणाला, "हिस्सा पाहिजे तर सरळ सांग." काय बोलावं गं? घर आबांच्या स्वतःच्या कमाईचं. ते हयात आहेत तोवर त्यात ना दादाचा हक्क, ना माझा. सगळं दादाला देऊ देत. (हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून काकू मला 'केस कधी घालतेस' म्हणून विचारतात. काकूच त्या!) पण मृत्युपत्रानं देऊ देत. ते आबांच्या पश्चात लागू होतं, मन बदललं तर बदलता येतं. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक नाही, नोंदणीची सक्तीही नाही. आधी आईला हयातभर राहण्याचा हक्क, मग दादाला. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की घर आबांचं राहत नाही.

दादा वाईट नाही. 2019 च्या पुरात आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं ते त्यानंच. पण उद्या त्यानं धंद्यासाठी घर गहाण टाकलं तर? देव न करो, तोच आधी गेला तर? वकिलांना विचारलं. घर वहिनी, पोरं आणि आई यांच्यात वाटलं जाणार, आबांना काही नाही. आईचा हिस्सा आहे, बापाचा नाही! तेव्हापासून झोप नाही मला.

आत्ताच द्यायचं असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणात बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण अट हवी, असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला मालमत्ता परत मिळाली, तिथंही मुलानं सांभाळीन म्हणून वचनपत्र दिलं होतं. मग चार ओळी लिहायला दादाला का टोचावं?

तुझ्या हक्कसोडपत्राच्या वेळी 'तुला भाऊ कळत नाहीत' म्हणालीस, ते मला आजही पटत नाही. पण पुढं तुझ्या आईची खाट गॅलरीत गेली, तेव्हा रात्री फोन मलाच केलास. म्हणून हे तुलाच लिहिलं.

मनूचं बारावीचं काय? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? नव्या ऑफिसचं सविस्तर कळव.

आबा तुझं ऐकतात, लहानपणापासून. रविवारी सकाळी, दादा दुकानात गेला की, त्यांना फोन कर. माझं नाव घेतलंस तरी चालेल. सही पुढच्या आठवड्यात आहे.

तुझी,
शकू