तुझ्या पटकथेतला माळकरी

लालबाग, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचून झाली. समासात पेन्सिलीने खुणा केल्यात. फोनवरच बोललो असतो, पण तिथे तू मध्येच "हो आप्पा, कळलं" म्हणतेस आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र.

आधी बापाबद्दल बोलतो. तुझा सोपान लालबागच्या चाळीतला, माळकऱ्याचा मुलगा. रफिक मदनपुऱ्यात बॅगा शिवणारा. दोघांचं घरी कळतं आणि सोपानचा बाप पट्टा काढून "धर्म बुडवलास" म्हणून ओरडतो. पोरी, असा बाप मी सिनेमात पुष्कळ पाहिला, आमच्या दिंडीत नाही पाहिला. माळकरी बाप त्या दिवशी हरिपाठाला बसेल आणि उठणारच नाही. जेवायला हाक मारली तर म्हणेल, "मला भूक नाही." दुसऱ्या दिवशी तेच, एकादशी नसताना. मग नाशिकच्या मामाला फोन जाईल आणि मामा सहज आल्यासारखा येऊन पिशवीतून मुलीचा फोटो काढेल. पट्टा उगारला तर पोरगं घर सोडून तरी जाईल. न जेवणाऱ्या बापाला सोडून कुठे जाणार?

शेवटचा जमावाचा प्रसंगही मला लांबला असं वाटतं. जमाव खोटा नाही. १९९८ साली तू बालवाडीत होतीस आणि मी वडाळा डेपोत. 'फायर' सिनेमा लागला होता. डेपोच्या कँटीनमध्ये तो कोणी पाहिला नव्हता, मीही नाही, पण मत प्रत्येकाला होतं आणि ते नावांवरून होतं. एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोघी जावा, एक राधा, एक सीता. हिंदीत सीतेची नीता करून सेन्सॉरने एकही काट न देता सोडला होता, तरी २ डिसेंबरला न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये काचा फुटल्या, पोस्टरं फाटली, खेळ बंद पडले. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा काट न लागता बाहेर आला.

गेल्या दिवाळीत तू तो मला दाखवलास तेव्हा मला काचा आठवल्या नाहीत. आठवत राहिला तो राधेचा नवरा. कोणा स्वामीच्या मागे लागून ब्रह्मचर्य घेतलेला, आणि स्वतःचा संयम पारखायला बायकोला शेजारी झोपवून घेणारा. तो कोणाला दगड मारत नाही. सज्जन आहे, दुकान चालवतो, आईची सेवा करतो. त्या बाईचं आयुष्य मात्र त्याच्या पुण्याखाली दबून गेलंय. असा माणूस लिहायला अवघड, म्हणून तो लिही. जमाव काय, शंभर माणसं गोळा केली की झाला.

तुझा तो जेरुसलेमचा हिब्रू सिनेमाही, 'आइज वाइड ओपन', २००९ चा, माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माळकऱ्याला दीड तास खाटकाचं दुकान बघायला लावलंस! तुझी आई दोनदा येऊन विचारून गेली, काय चाललंय म्हणून. पण तो आरोन माझ्या ओळखीचा निघाला. चार मुलांचा बाप, वडिलांमागे दुकान सांभाळणारा, कट्टर वस्तीतला. एझ्री नावाच्या तरुणावर जीव जडतो आणि तरी त्याची प्रार्थना सुटत नाही, कारण ती खरी आहे. भिंतीवर पत्रकं लागतात, धमक्या येतात, पण त्याआधीच त्याचं भांडण स्वतःशी सुरू झालेलं असतं. तुझ्या सोपानचं तसं भांडण कुठे आहे? प्रेमात पडताच तो देव सोडून देतो, जणू चप्पल काढली. लहानपणापासून वारीत चाललेलं पोरगं आहे ते. वाखरीचं रिंगण पाहिलेलं आहे.

'साबर बोंडं' आपण मिळून पाहिला तेव्हा तू थिएटरात माझ्याकडे चोरून बघत होतीस, ते मला कळत होतं. सनडान्सला बक्षीस मिळालेला मराठी सिनेमा म्हणून गेलो होतो आणि माझ्यासमोर आपल्याच गावाकडचं सुतक आलं. बाप गेलेला, मुंबईहून आलेला आनंद दहा दिवस विधीत अडकलेला, आणि त्या दहा दिवसांतच नातेवाईक त्याच्या लग्नाचं काढतात. कोणी वाईट नाही. सगळे रीत पाळतात. आणि त्या रितीमुळेच त्याला बाळ्याबरोबर, गावातल्या बालमित्राबरोबर, वेळ मिळतो, हे मला फार आवडलं.

पान ७३ वर बाप "विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म, भेदाभेद भ्रम अमंगळ" म्हणतो आणि सोपानला पोटाशी धरतो. टाळ्या पडतील. पण हा अभंग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, आणि पंढरपुरात हरिजनांना देवळाचं दार उघडायला १९४७ उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांची समाधी आजही पायरीशीच आहे. तेव्हा अभंग ठेव, पण तो बापाला आधी अडखळू दे. रोजचं पाठ असलेलं चरण त्या संध्याकाळी घशातून निघत नाही, टाळ चुकतो, शेजारचा बघतो. एवढं दाखवलंस तरी पुरे.

एक बारीक गोष्ट. हवालदार समलिंगी संबंधांवरच्या ३७७ कलमाची धमकी देतो. गोष्ट २०२२ सालची आहे, आणि राजीखुशीने एकत्र आलेल्या सज्ञान माणसांना ते कलम लावायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय. हवालदाराला कलम लागतच नाही. "घरी फोन लावू का?" एवढं म्हटलं की सोपान पाकीट काढतो.

सोपानने वरळीच्या समुद्रात माळ फेकण्याचा प्रसंग काढून टाक. त्याऐवजी माझ्याकडचा घे. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत आम्ही पाण्याचा घोटही घेत नाही. रफिकच्या कारखान्यावर, पोटमाळ्यावर, ती तुटू दे. मणी कातड्याच्या तुकड्यांत, मशीनच्या पायडलखाली घरंगळतील. सोपान सकाळपासून उपाशी. रफिक बॅगेचा जाड दोरा घेतो, तो मण्यात जात नाही; मेण लावतो, टोक दाताने चपटं करतो, तरी नाही. मग खाली जाऊन बारीक दोरा मागून आणतो आणि कशाला ते खालच्यांना सांगत नाही. ओवताना त्याने काय बोलावं ते तू बघ. मी असतो तर बोलायला लावलं नसतं.

रफिकच्या आईबद्दल मी काही लिहिलं नाही, त्या घरातलं मला ठाऊक नाही. मदनपुऱ्यातल्या कोणा बाईला वाचायला दे, आणि ती हसेल तिथे खूण कर.

नायकाचं नाव सोपान ठेवलंस तेव्हाच मी ओळखलं. मुक्ताईने भावाला पुढे केलंय. ठीक आहे, या खेपेला भावाची गोष्ट सांग. पुढचा खर्डा घेऊन येशील तेव्हा तुझ्या मैत्रिणीलाही आण, जिचं नाव तू फोनवर नेहमी घाईत घेतेस. एकादशी टाळून या, म्हणजे आईला स्वयंपाक करता येईल. मामा त्या आठवड्यात नाशिकलाच असेल, ते मी पाहतो.

तुझा,
आप्पा