बाबांनी डायपर कुठे बदलायचा?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारी बायकोची ड्यूटी होती म्हणून दीड वर्षाच्या लेकीला घेऊन मी एकटाच बाहेर पडलो, पेशवे पार्कातली १९५६ सालापासूनची फुलराणी ही मुलांची छोटी झुकझुकगाडी दाखवली, शिट्टी वाजली की पोरगी टाळ्या पिटते, उतरायलाच तयार नाही, इतकं छान वाटलं! मग एका मॉलमध्ये गेलो तर डायपर बदलायचं टेबल फक्त लेडीज टॉयलेटमध्ये. शेवटी भर गर्दीत बाकावर टॉवेल अंथरून बदलला, पोर रडून रडून लाल, सगळ्यांसमोर उघडी, फार वाईट वाटलं हो. आता बाबालोकपण मुलं सांभाळतात, आजोबा तर कधीपासूनच. जेन्ट्स टॉयलेटमध्येही एक फोल्डिंग टेबल लावा किंवा कुणालाही जाता येईल अशी छोटी खोली द्या, एवढीच कळकळीची विनंती.

– एक बाबा, पुणे