‘इस्टेट’ म्हणजे वर्ग नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच राज्यक्रांतीवर आलेला लेख वाचला. राजेशाहीच्या काळातील फ्रेंच समाज धर्मगुरू, उमराव आणि सामान्य जनता अशा तीन वर्गांत विभागलेला होता, त्यांपैकी पहिले दोन श्रीमंत व करमुक्त होते आणि तिसरा गरीब व करांनी पिचलेला होता, असे त्यात म्हटले आहे. तीस वर्षे इतिहास शिकवताना मीही फळ्यावर हेच तीन चौकोन काढत आलो, तेव्हा लेखकाला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मात्र या मांडणीमुळे १७८९ साली नेमके काय घडले, हे कळेनासे होते.

या तीन गटांना अनुक्रमे पहिली, दुसरी आणि तिसरी ‘इस्टेट’ म्हणतात, आणि घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत इस्टेट म्हटले की जमीनजुमला डोळ्यांपुढे येतो. ‘सर, यांच्याकडे इस्टेट नव्हतीच, तर यांना तिसरी इस्टेट का म्हणायचे?’ असा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारीच. मूळ फ्रेंच शब्दाचा येथील अर्थ कायद्याने ठरलेला दर्जा असा आहे. वर्ग मिळकतीवरून ठरतो, हा दर्जा मात्र हक्कांवरून आणि बहुधा जन्मावरून ठरत असे. बहुधा म्हणण्याचे कारण असे की पहिल्या इस्टेटीत कोणीच जन्माला येत नसे, कारण कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असत. तेथे माणसे उरलेल्या दोन इस्टेटींतूनच येत.

आणि येताना ती आपापला दर्जा बरोबर घेऊन येत. सुमारे पावणेतीन कोटींच्या फ्रान्समध्ये धर्मगुरू, मठवासी आणि जोगिणी मिळून साधारण सव्वा लाखाच्या घरात होत्या. १७८९ साली बिशपपदावर असलेले जवळजवळ सर्वच जण उमराव घराण्यांतले होते, तर खेड्यातला पाद्री बहुधा लहान शहरातल्या किंवा शेतकऱ्याच्या घरातला असे. शेतकरी पिकाचा ठरावीक हिस्सा चर्चला देई, पण तो अनेक ठिकाणी मठाकडे किंवा बिशपकडे जाई आणि गावच्या पाद्र्याच्या हाती केवळ नेमून दिलेली रक्कम पडे. १७८६ साली वाढवल्यानंतरही ती वर्षाला ७०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) होती. या पाद्र्याला ‘श्रीमंत पहिल्या वर्गा’त बसवायचे कसे?

उमरावांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तलवारीच्या बळावर मोठी झालेली जुनी घराणी एकीकडे आणि न्यायालयांतली व दरबारातली पदे विकत घेऊन उमराव झालेली घराणी दुसरीकडे, अशी त्यांच्यातच उभी फूट होती. १६०४ पासून पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी सरकारात भरला, की ते पद वारसाकडे जाऊ शके. मराठी वाचकाला ‘वतन’ हा शब्द ठाऊक असल्याने ही व्यवस्था समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. राजाच्या सचिवाचे पद तर यासाठी इतके प्रसिद्ध होते, की लोक त्याला हलक्या कुळाचा डाग धुणारा साबण म्हणत. उलट खेड्यातल्या जुन्या, कंगाल उमरावाला किरकोळ व्यापारात हात घातल्यास दर्जा गमावण्याची भीती असे. अशा घराण्यांना लष्करात तरी वाव राहावा म्हणून १७८१ साली अधिकारी होण्यासाठी चार पिढ्यांच्या उमरावकीचा पुरावा मागितला जाऊ लागला, आणि त्याचा फटका नव्याने उमराव झालेल्यांनाही बसला.

आता करांविषयी. ताय नावाचा मुख्य कर उमराव भरत नसत, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु दक्षिणेकडच्या बऱ्याच प्रांतांत तो माणसावर नसून जमिनीवर होता, त्यामुळे कायद्याने सामान्य जनांची मानलेली जमीन विकत घेणाऱ्या उमरावालाही तो भरावा लागे; आणि पॅरिसचे रहिवासी तिसऱ्या इस्टेटीतले असूनही त्यातून मुक्त होते. १६९५ चा डोईकर आणि १७४९ चा विसाव्या हिश्शाचा कर उमरावांनाही लागू होते, जरी वजन वापरून ते आपला आकडा कमी करून घेत. मिठाच्या करात तर इस्टेटीपेक्षा प्रांत महत्त्वाचा होता. ब्रिटनीत मीठ करमुक्त, आणि सीमेपलीकडच्या मेन प्रांतात ते कित्येक पटींनी महाग, शिवाय ठरावीक मीठ विकत घेण्याची सक्ती. त्या सीमेवर चोरट्या मिठाचा धंदा जोरात चाले यात नवल नाही.

तिसऱ्या इस्टेटीत बोर्दोचा धनाढ्य व्यापारी, नांतचा गुलामांच्या व्यापारावर गबर झालेला जहाजमालक, वकील, सुतार आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, हे सारे एकाच नावाखाली होते. ५ मे १७८९ रोजी, १६१४ नंतर प्रथमच, तिन्ही इस्टेटींची सभा व्हर्सायला भरली, तेव्हा तिसरीच्या बाकांवर वकील आणि सरकारी पदे भूषविणारे मोठ्या संख्येने होते. प्रत्यक्ष नांगर धरणारा शोधूनच काढावा लागला असता. तिचे गाजलेले पुढारी सियेस आणि मिराबो हे अनुक्रमे धर्मगुरू आणि उमराव होते. धर्मगुरूंच्या सुमारे ३०० प्रतिनिधींत मात्र २०० हून अधिक साधे पाद्री होते. मतदान इस्टेटवार (प्रत्येक इस्टेटीला एक मत) की डोईवार (प्रत्येक प्रतिनिधीला एक मत), या वादात कोंडी झाली असता १३ जूनला प्वातू प्रांताचे तीन पाद्री तिसऱ्या इस्टेटीत जाऊन बसले आणि १९ जूनला धर्मगुरूंच्या बहुमतानेच तिच्याकडे जाण्याचा कौल दिला. तीन चौकोनांच्या आकृतीत या घटनेला जागाच नाही.

सरंजामी हक्क १७८९ च्या ४ ऑगस्टच्या रात्री सभेच्या ठरावाने संपले, हे लेखातले विधानही अर्धेच खरे आहे. शेतकऱ्यांनी जमिनीपोटी सरंजामदारांना द्यायची बरीच देणी मोबदला देऊन सोडवून घ्यावीत असे ठरले, आणि ती विनामोबदला रद्द व्हायला जुलै १७९३ उजाडावा लागला. मोबदल्याची अट घालणाऱ्या सभेत तिसऱ्या इस्टेटीचे प्रतिनिधीही होते, आणि अशा देण्यांचे हक्क विकत घेतलेली घराणी त्या इस्टेटीतही कमी नव्हती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा