हिमनदीच्या वाटेवरच्या अनोळखी माणसांचे आभार

कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फालाही मध्यम करडा समजतो, म्हणून फोटोत बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, +१ ते +१.७ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळू देऊ नका, हे वाटेत थांबून समजावणाऱ्या पदभ्रमंतीकारांचे मनापासून आभार. थंडीत बॅटरी आतल्या खिशात, आणि उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत, नाहीतर लेन्सवर दव धरतं, हेही त्यांनीच सांगितलं.

सर्वांत मोठं ऋण मात्र उद्यानाच्या वनरक्षकांचं. ताज्या बर्फाखाली हिमभेगा झाकल्या जातात, हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे कडे कसलीही चाहूल न देता कोसळतात. तिथे दोर बांधून, खुणा रोवून तुम्ही आम्हाला लांबच थांबवलंत. त्या अंतरावरून दूरचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची लेन्स छान पुरते.