‘मिनिस्टर’ म्हणजे मंत्री नव्हे

महोदय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्युथर किंग यांच्या स्मृतिदिनी, ४ एप्रिलला, आपण मेम्फिसच्या ज्या मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी लागली तिथला तो प्रसिद्ध फोटो छापलात. गोळी कुठून आली ते हात करून दाखवणाऱ्यांपैकी एक किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग. लेखात त्यांना ‘माजी मंत्री’ म्हटलं आहे. मूळ इंग्रजीत ‘मिनिस्टर’ असणार. तिकडे त्याचा अर्थ चर्चचे पाळक. गंमत अशी, की चूक पुढे निम्मी खरी ठरते. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमलं, ते पद तेव्हा मंत्रिमंडळाच्या दर्जाचं होतं. पण त्या गॅलरीत उभे होते ते पाळकसाहेबच.

आणि नगरकरांना तर ते परके वाटू नयेत. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन आणलं ते मुख्यतः काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी; यंगही त्याच पंथाचे. याच मंडळींनी अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्यांसाठी शाळा काढल्या. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टरच्या अशाच एका जुन्या शाळेच्या आवारात १९६१ पासून यंग आणि चळवळीतल्या त्यांच्या सहकारी सेप्टिमा क्लार्क व डोरोथी कॉटन यांनी कृष्णवर्णीय प्रौढांचे वर्ग चालवले. शिकवायचे काय? सही करणं, मतदार नोंदणीचा अर्ज भरणं. कारण अमेरिकेच्या दक्षिणेत मतदार नोंदणीला आलेल्या कृष्णवर्णीयापुढे कारकून राज्यघटनेचं एखादं कलम टाकून ‘अर्थ सांग’ म्हणायचा, आणि उत्तर बरोबर की चूक तेही तोच ठरवायचा. इथे शिकलेली माणसं गावी परतून स्वतः वर्ग काढत. मोर्च्यांचे फोटो निघाले, या फळ्या-खडूचे फारसे कोण काढणार!

यंग यांनी मारही खाल्ला. जून १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला रात्रीच्या मोर्च्यात जमावाने त्यांना खाली पाडून बडवलं. ते उठले, पुढे चालले, पुन्हा मार बसला. महिना उलटायच्या आत वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही झाली.

पुढचं राजकारण आपल्या वाचकांना थोडंफार ठाऊक असेल. १९७२ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले. जॉर्जियातून कृष्णवर्णीय माणूस तिथे पोचला तो शंभर वर्षांनी. १९७९ मध्ये, अमेरिकेचं धोरण न बोलण्याचं असताना, पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या प्रतिनिधीला भेटल्याबद्दल राजदूतपद गेलं. मग आठ वर्षं अटलांटाचे महापौर.

पुढच्या एप्रिलला तोच फोटो छापाल, तेव्हा खालच्या ओळीत ‘रेव्हरंड अँड्र्यू यंग’ असं लिहावं. आणि जागा उरलीच, तर डॉर्चेस्टरच्या वर्गावर चार ओळी.

– एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर