ताई, काडीने कात टाकली!

ताई,

तुला फोनवर थँक्यू म्हणून झालंय, दहा वेळा तरी, पण प्रत्येक वेळी "असू दे रे" म्हणून तू विषयच बदलतेस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, बघू कसा बदलतेस. आणि दुसरं कारण म्हणजे माझ्यासारखाच अजून कोणीतरी कुंडीतून करंगळीच्या नखाएवढं मँटिसचं (पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणारा शिकारी किडा) पिल्लू उचलून बरणीत घेऊन बसला असेल, त्याला रात्री अकराला फोन करायला तू नाहीयेस, त्याने निदान हे तरी वाचावं.

माझा पहिला फोन आठवतोय का? मित्राची मोठी बहीण यापलीकडे तुझी माझी ओळख नाही, नंबर त्याच्याकडून मागून घेतला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता डायरेक्ट विचारलं की नाकतोड्याच्या पिल्लाला कुठला पाला घालू. तू फोटो मागितलास आणि मग एवढी हसलीस की मला वाटलं फोन कट झाला. "अरे हा नाकतोडा नाहीये, हा पाला खात नाही, हा मोठा झाला की नाकतोड्याला खातो!" आणि मी तोपर्यंत दोन दिवस बरणीत हिरवी पानं टाकत होतो, सुकली की बदलत पण होतो, वर म्हणत होतो की नखरेल आहे, खातच नाही.

त्यानंतर तू पहिला प्रश्न खाण्याचा नाही विचारलास, तो मला आजही भारी वाटतो. तू विचारलंस, "त्या खोलीत डासांचं मशीन लावतोस का?" लावत होतो ना, रोज रात्री, बरणीपासून हातभर अंतरावर. डासाला मारणारं औषध किडा बघून थोडंच थांबणार आहे, हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच मिनिटाला मशीन काढलं, बरणी दुसऱ्या खोलीत नेली, आणि मला खात्री आहे की काडी (त्या पिल्लाचं मी ठेवलेलं नाव) जगली ती आधी त्या प्रश्नामुळे, बाकी सगळं नंतर.

पाण्याचं पण तेच. मी बाटलीचं बूच भरून ठेवलं होतं, एवढ्याशा जिवाला तो तलावच की. तू म्हणालीस बूच काढ, काचेच्या आतल्या बाजूला दिवसातून एकदा बारीक फवारा मार, संध्याकाळपर्यंत सुकेल एवढाच, सतत ओलं राहिलं तर बुरशी धरते. फवारा मारला आणि दोन मिनिटांत ती चालत आली, एका थेंबाला तोंड लावलं आणि तो थेंब माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू लहान होत गेला. तेव्हा कळलं किती तहानलेली होती, आणि खरं सांगू, जरा लाज वाटली.

खाण्याचा किस्सा मात्र घरात अजून निघतो. फळमाश्या पाळायच्या म्हटल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पिकलेलं केळं कुस्करून बाटलीत, तोंडाला कापड, आणि माश्या कुठल्या तर उडता न येणाऱ्या, ज्यांची पहिली बाटली तू स्वतःच्या साठ्यातून दिलीस. तू बजावलं होतंस की अंड्यापासून नवी माशी व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून एक बाटली चालू असतानाच दुसरी लावून ठेव. मी ऐकलं नाही, मध्ये चार दिवस माश्याच नाहीत, आणि तू काही न बोलता परत एक बाटली दिलीस. त्याचं वेगळं थँक्यू. आणि मुंग्या घालू का विचारल्यावर जी ओरडलीस त्याचंही. आता नियम पाठ आहे, शिकार तिच्यापेक्षा लहान हवी, आणि पोट बघून खायला घालायचं, फुगीर असेल तर भरलंय, चपटं दिसलं तर भूक लागलीय. सोबतीला अजून एक पिल्लू आणू का म्हटलं तर तू शांतपणे म्हणालीस, "आण की, उद्या सकाळी परत एकच असेल."

पण मुख्य आभार त्या रात्रीचे.

दोन दिवस तिने खाणं बंद केलं होतं. माशी नाकासमोरून गेली तरी ढिम्म. मी चिमट्यात माशी धरून तिच्या तोंडाजवळ नेत होतो, बरणी फिरवून बघत होतो, जादा फवारा मारत होतो, म्हणजे जे जे करू नये ते सगळं, आणि शेवटी रडकुंडीला येऊन तुला फोन केला की काडी मरायला लागलीय. तू तीनच प्रश्न विचारलेस. पोट चपटं आहे का? नाही, चांगलं फुगलंय. कुठे आहे? वर, जाळीला उलटी लटकलीय. आत जिवंत माशी आहे? आहेत दोन. "त्या दोन काढ, हळूच. आणि आता हात मागे घे. कात टाकतेय ती. तू फक्त काही करू नकोस."

काही करू नकोस हे किती अवघड असतं ते मला त्या रात्री कळलं. आणि जाळी होती म्हणून, हां. आठवडाभर आधी तूच बरणीचं गुळगुळीत झाकण काढून मच्छरदानीचा तुकडा रबरबँडने लावायला सांगितला होतास, आणि बरणी उंचीला तिच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी म्हणून मोठी पण घ्यायला लावलीस, तेव्हा मी मनात म्हटलं होतं की एवढ्याशा किड्याला एवढा बंगला कशाला. आता कळलं कशाला. ती वर पायांनी जाळीला घट्ट धरून उलटी लटकते आणि जुन्या कातडीतून खाली घसरत बाहेर येते, गुळगुळीत झाकणावरून पाय सुटला किंवा खाली जागाच नसली तर अर्धवट अडकून वाकडी होते नाहीतर मरते.

मी लाइट बारीक करून समोर जमिनीवर बसलो. आधी बराच वेळ काहीच नाही. मग मानेच्या मागे पाठीवर एक चीर पडली आणि त्यातून फिकट, जवळजवळ पारदर्शक काहीतरी फुगून वर यायला लागलं, मग डोकं सुटलं, मग ते शिकारीचे पुढचे पाय, हातमोज्यातून बोटं काढावीत तसे, एकेक करून. शेवटी ती नुसत्या पोटाच्या टोकावर लोंबत होती, सगळे पाय हवेत, आणि मी श्वास रोखून. मग एकदम वर वळली, जुनी कातच धरली आणि टोकही सुटलं. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ असेल, मला मात्र पूर्ण रात्र गेल्यासारखं वाटलं. खाली लटकलेली काडी आधीच्या काडीपेक्षा चांगलीच मोठी होती, ही त्या एवढ्याशा सालात मावली कशी हे मला अजून कळलेलं नाही.

एक मधला पाय वाकडाच राहिला. मी लगेच कापसाची काडी घेऊन सरळ करायला निघालो होतो (हो, खरंच), पण आधी तुला फोटो टाकला हे नशीब. "हात लावू नकोस, अंग अजून मऊ आहे, तुटेल. पिल्लू आहे, अजून बऱ्याचदा कात टाकायचीय, पुढच्या वेळी सुधारेल." दुसऱ्या दिवसापर्यंत खायला पण घालू दिलं नाहीस. आणि झालं तसंच, पुढची कात टाकली तेव्हा पाय बराच सरळ झाला, आता नीट बघितलं तरच कळतं.

काळ्या डोळ्यांचा फोटो रात्री दोनला पाठवल्याबद्दल मात्र सॉरी. दिवसा हिरवट असणारे डोळे एकदम काळेकुट्ट झाले तर माणूस घाबरणारच ना. अंधारात जास्त उजेड आत घ्यायला आतला रंग सरकतो म्हणून काळे दिसतात हे तू सकाळी सांगितलंस, वर ते पण सांगितलंस की दिवसा डोळ्यात जो काळा ठिपका आपल्याकडेच बघतोय असं वाटतं ती बाहुली नाहीच, आपण ज्या कोनातून बघतो तिथला उजेड परत येत नाही म्हणून तसं दिसतं. मला ते जरा लागलं, कारण मी सगळ्यांना सांगत होतो की ती मला ओळखते. आणि तो न्यूकॅसल युनिव्हर्सिटीवाल्यांचा किस्सा, २०१६ चा, मँटिसला मेणाने थ्रीडी चष्मे चिकटवून पडद्यावर खोटी शिकार दाखवली आणि त्या पडद्याबाहेरच्या हवेत झडप घालायला लागल्या, तो मी आत्तापर्यंत किती जणांना ऐकवलाय विचारू नकोस. काडी उडी मारायच्या आधी डावीउजवीकडे डुलते ना, अंतर मापत असते, ते बघताना मला दर वेळी तो चष्मा आठवतो.

तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस की वर्षभराच्या आतलाच जीव असतो हा, पंख फुटले की कात बंद, मग काही महिने. तेव्हा मी हो हो म्हटलं होतं. आता विचारू नकोस.

बाय द वे, ती खरंच "ती" आहे का ते अजून नक्की नाही. अजून मोठी झाली की पोटाखालचे पट्टे मोजायला सांगितले आहेस, सहा असले तर मादी, आठ असले तर नर. नर निघाला तरी नाव काडीच राहणार.

पहिली कात मी काडेपेटीत कापूस घालून जपून ठेवलीय, पायांवरचे काटे सुद्धा शाबूत आहेत. ती तुझी. घेऊन येणारच होतो या रविवारी, पण कालपासून हिने परत खाणं बंद केलंय आणि वर जाऊन उलटी लटकलीय. माश्या काढल्यात. बरणीला हात लावत नाहीये. तुला फोन पण नाही केला, बघ.

तुझा,
काडीवाला