ग्रंथपालबाई, रमाबाईंची पत्रं हातात दिलीत म्हणून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आई गेल्यानंतर मी वाचनालयात नुसतीच येऊन बसायचे. तुम्ही मन रमवणारी कादंबरी न देता पंडिता रमाबाईंची पत्रं आणि आत्मकथन पुढ्यात ठेवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

शाळेतल्या रमाबाई म्हणजे शारदा सदन आणि दोन मार्कांची टीप. दुःखातल्या रमाबाई तुमच्यामुळे कळल्या. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता', 'सरस्वती' म्हणून डोक्यावर घेतलं, तेव्हा वय अवघं वीस. दोन वर्षांत भाऊ गेला, १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा. पदरात वर्षाचीही नसलेली मनोरमा. नाव देशभर झालेलं, पण ज्या देवांसाठी आई-वडिलांनी उपासतापास केले, त्यांच्यावरचा विश्वास उडालेला.

तुम्ही खूण घातलेलं पान रमाबाई इंग्लंडला गेल्यानंतरचं, लंडनमधल्या फुलहॅमचं होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनी मायेने सांभाळत होत्या. हे कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एकीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; लोकांनी तुच्छ मानलेल्या त्या बाईशी येशू आपणहून बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्याच वाँटेज गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे केवढा गहजब!

मला मात्र त्यापुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी पत्रांतून केवढा वाद घातला! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्यावर शंका काढल्या, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे सदसद्विवेक गहाण ठेवला नाही. पुढे त्यांनीच लिहिलं की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र कैक वर्षांनी भेटला. हे वाचून मी ढसाढसा रडले. शोधायला इतका वेळ लागला तरी चालतो, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही स्वतः ख्रिस्ती, रविवार न चुकवणाऱ्या. मी नाही, आणि तुम्ही कधी तसं सुचवलंही नाहीत. टेबलाजवळून जाताना "कुठवर आलीस गं?" एवढंच विचारायचात. त्या प्रश्नासाठी मी रोज येत होते, बाई.

दिवाळीनंतर केडगावला रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन पाहायला जायचं म्हणतेय. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल रमाबाईंनी तिथल्याच छापखान्यात मुलींकडून खिळे जुळवून घेऊन छापलं. पुण्याहून दौंडची गाडी केडगावला थांबते. तुम्ही बरोबर याल का?

तुमची,
वाचनालयातली एक वाचक